दहावीचा निकाल फलकावर, खो-खोचं पदक कंपासपेटीत: शाळांनी मुलांचं कौतुक कसं करावं?

फोंड्याची आई
माझी मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी तिच्या शाळेच्या मुलींनी तालुक्याच्या आंतरशालेय खो-खोत दुसरा नंबर काढला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी एक वाक्य वाचलं गेलं: "मुलींच्या संघाने खो-खोत द्वितीय क्रमांक मिळवला, टाळ्या." टाळ्या झाल्या, राष्ट्रगीत झालं, मुलं वर्गात गेली. संध्याकाळी दप्तर आवरताना ते पदक मला कंपासपेटीत सापडलं, कर्कटक आणि कोनमापकाच्या मध्ये. बाहेर का नाही ठेवलंस म्हटल्यावर म्हणाली, "आई, फायनल हरलो आम्ही."

तिच्या तुकडीतल्या दोघी लगेच बाद झाल्या होत्या. उरलेला डाव ती एकटी खांबाखांबाला वळसे घालत खेळून काढत होती आणि बाहेर बसलेल्या मुली तिच्या नावाने ओरडत होत्या. हे मला तिच्या मैत्रिणीने बसस्टॉपवर सांगितलं. शाळेत कुणी सांगितलं नाही.

त्याच शाळेच्या गेटवर दहावीचा निकाल लागला की रस्ताभर बॅनर. मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी फलक आहे, त्यावर वर्षावर्षाला दहावीत पहिल्या आलेल्यांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवलेली. खेळ, भजन, नाटक, घुमट (मातीचं, कातडं ताणलेलं आपलं वाद्य), चित्रकला, विज्ञान प्रदर्शन यातलं एकही नाव त्या खोलीत नाही.

२०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे, गोव्यात झाल्या. फातोर्ड्याला उद्घाटन झालं तेव्हा आम्ही घरचे सगळे टीव्हीसमोर होतो. गोव्याने ९२ पदकं मिळवली, त्यात २७ सुवर्ण. तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. हे खेळाडूही कधीतरी आठवी-नववीत होते आणि पाठीला कागदाचा नंबर लावून तालुक्याच्या मैदानावर उभे होते. त्या वयात त्यांच्या शाळेने काय केलं असेल, हाच माझा प्रश्न आहे. वर्षातून एक दिवस फक्त याच मुलांसाठी असावा, पालकांना बोलवावं आणि प्रत्येकाने नेमकं काय केलं ते सर्वांसमोर सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेडण्याचा निवृत्त मुख्याध्यापक
ताई, तुमची कळकळ समजली, पण मी विरोधात आहे आणि का ते सांगतो.

माझ्या शाळेत एक मुलगा होता, फुटबॉलमध्ये असामान्य. त्याच्या गोलवर आम्ही राज्यपातळीचा सामना जिंकलो, तेव्हा त्याला उघड्या टेंपोत उभं करून गावभर मिरवला. ढोल, फटाके, पंचायतीसमोर हार. मीच पुढे होतो. पुढच्या पावसात चिखलात घसरून त्याचा गुडघा गेला. त्यानंतर त्याच्या घरी किती जण गेले? मी दोनदा गेलो. त्याला वर्गात बसवेना, कारण वर्गात तो 'तो फुटबॉलवाला' होता आणि आता फुटबॉल नव्हता. अकरावीला त्याने शाळा सोडली. तेव्हापासून चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात हार घालायला माझा हात पुढे होत नाही.

त्या वयाला कौतुक पचत नाही असं नाही. पण कौतुक करणारे आपण दुसऱ्या दिवशी कुठे असतो, ते आधी बघावं. दहावीच्या फलकावरचं नाव कुणी काढून घेत नाही, पण पायातला खेळ एका संध्याकाळीत जातो.

पीटीचे सर, सांगे
मुख्याध्यापक सर, तुमच्या त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण त्याचं नुकसान हारांनी केलं, की नंतरच्या शांततेने? तुम्हीच लिहिलंय, घरी फक्त तुम्ही गेलात.

मी एकोणीस वर्षं पोरांना घेऊन कदंबच्या सरकारी बसने स्पर्धांना जातोय. पालकांना जे दिसत नाही ते सांगतो. आमच्या फुटबॉलच्या स्पर्धा जुलै-ऑगस्टच्या धो धो पावसात येतात, नेमक्या घटक चाचणीच्या दिवसांत. मुलगा सकाळी सहाला निघतो, भिजतो, जिंकतो किंवा हरतो, रात्री आठला घरी. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्याला ऐकायला मिळतं, "खेळायला गेला होतास ना? मग आता बस." चाचणीचे गुण शून्य. ही गोष्ट मी एका शाळेत नाही, चार शाळांत पाहिली.

दुसरी गोष्ट क्रीडागुणांची. बोर्ड दहावीला खेळाचे गुण देतं आणि त्यांच्या आधाराने दरवर्षी काही मुलं पास होतात. आमच्या स्टाफरूममध्ये अशा मुलाबद्दल "खेळावर पास झाला" असं म्हणतात. ते कमावलेले गुण आहेत. वर्षभर पहाटे पाचला उठून कमावलेले. ज्या दिवशी ते वाक्य बंद होईल, त्या दिवशी मी म्हणेन सत्कार झाला. एक दिवसाचा समारंभ करायचा तर करा, पण आधी चुकलेली चाचणी पुन्हा घेण्याचा नियम करा.

बार्देशची पालक
मला इथे वेगळंच खटकतं. माझा मुलगा पोहतो. सहा वर्षांचा असल्यापासून पहाटे म्हापशातल्या पेडे क्रीडा संकुलात मी त्याला नेते. शाळेने त्याला एक दिवस पाण्यात उतरवलं नाही. पण राज्य स्पर्धेत पदक मिळाल्यावर शाळेने त्याचा फोटो टाकला, खाली "आमच्या शाळेची शान". आणि त्याच वर्षी त्याने सरावासाठी अर्धा तास लवकर सोडायची परवानगी मागितली, तेव्हा नकार मिळाला होता.

बुद्धिबळपटू भक्ती कुलकर्णीचं उदाहरण सगळे देतात आणि द्यायलाच हवं. २०२२ ला चेन्नईच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या महिला संघाबरोबर कांस्य, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार. पण पटासमोर तासन् तास बसणाऱ्या मुलीला शाळेतून काय लागतं? हार नाही, रजा लागते. स्पर्धेहून परतल्यावर बुडालेल्या तासांच्या वह्या लागतात.

आणि एक धोका. ज्यांच्या घरी गाडी आहे, कोचला द्यायला पैसे आहेत, त्यांचीच मुलं बुद्धिबळ, पोहणं, टेबल टेनिस यांत पुढे येतात. समारंभात तीच पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा घेतली जातील. ज्याची आई मासळी विकून सातला घरी येते, त्या मुलाचं नाव कधी येणार?

फोंड्याची आई
बार्देशच्या ताई, तुमचा राग पूर्ण खरा आहे. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला उलट दिशेने दिसतं. खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि मोकळी जागा. माझ्या मुलीच्या संघात बारा जणी होत्या, त्यातल्या सात जणींचे बाबा रोजंदारीवर जातात. शाळेने फक्त मोठी पदकं मोजली तर तुम्ही म्हणता तसं होईल. मी पदकं मोजा असं म्हणतच नाही. काय केलं ते सांगा म्हणते.

साखळीची भजनवाली
सगळी चर्चा मैदानावर गेली. मी शाळेत संगीत शिकवते, म्हणून मध्ये बोलते.

कला अकादमीची भजनी स्पर्धा आली की आमची मुलं दोन महिने रोज दुपारी थांबतात. पखवाज, हार्मोनियम, झांजा आणि पुढे गाणारा. प्रेक्षकांना गाणारा दिसतो. मागे झांज धरलेल्या मुलाची लय अर्ध्या मात्रेने सरकली तर सगळा अभंग कोसळतो, पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

गेल्या गणेश चवथीनंतर घुमट आरतीच्या स्पर्धेला गेलो होतो. पावसाळी हवा, कातडं सैल पडलं होतं. आमचा आठवीतला एक मुलगा रंगमंचामागे निखाऱ्यांजवळ उकिडवा बसून तिन्ही घुमटं पाळीपाळीने शेकत होता. बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा शेक. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं. त्याला किती ताप द्यायचा हे त्याला त्याच्या आजोबांनी शिकवलेलं. तो वाजवायला नव्हताच, राखीव होता. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रांवर वाजवणाऱ्यांची नावं आली. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. तो वारसा ज्याच्या हातात होता त्या मुलाला शाळेने काय दिलं? मी त्याला चहा आणि भजी-पाव दिला, एवढंच.

म्हणून मी समारंभाच्या बाजूने आहे, पण त्यात हा मुलगा असला तरच.

पेडण्याचा निवृत्त मुख्याध्यापक
ताई, तो निखाऱ्याजवळचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पण तुम्ही सगळे ज्याला समारंभ म्हणता, तो प्रत्यक्षात कसा होतो हे मी पाहिलंय. दहाचा कार्यक्रम, पाहुणे साडेअकराला. मुलं उन्हात रांगेत. भाषणं चार. बॅनरवर नेत्याचा फोटो ताटाएवढा, मुलांचे टपाल तिकिटाएवढे. मुलाचं नाव घाईत चुकीचं उच्चारलं जातं, शाल-श्रीफळ पाहुण्यांना, मुलाला प्लास्टिकची फाइल. हे करणार असाल तर नका करू.

राखीव गोलकीपर
मी आता अडतीस वर्षांचा आहे, मडगावला नोकरी करतो. शाळेत तीन वर्षं फुटबॉल संघात होतो, राखीव गोलकीपर. तीन वर्षांत एकूण बावीस मिनिटं मैदानावर उतरलो. सुब्रोतो कप या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या राज्य फेरीपर्यंत आमचा संघ गेला होता. ती स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि प्रत्येक गटात राज्यातून एकच शाळा राष्ट्रीय फेरीला जाते, म्हणून आम्ही उपांत्य सामना हरलो तेव्हा सगळे रडले. मीही रडलो, न खेळता.

शाळेने अकरा जणांचा सत्कार केला. आम्ही पाच राखीव खाली प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या. वीस-बावीस वर्षं झाली, पण ती सकाळ मला अजून आठवते. आमच्या मुख्य गोलकीपरला रोज शंभर शॉट मारून तयार कोणी केलं? मी. मुख्याध्यापक सर म्हणतात कौतुकाने नुकसान होतं. न केलेल्या कौतुकानेही होतं, फक्त ते कुणी मोजत नाही.

बार्देशची पालक
हे वाचून माझं मत थोडं बदललं. फोटोला माझा विरोध कायम आहे, विशेषतः मुलींचे फोटो नाव-वर्ग-शाळेसकट सगळीकडे फिरवायला. पण शाळेच्या सभागृहात, आपल्याच मुलांसमोर नाव घेतलं तर माझी हरकत नाही.

फोंड्याची आई
सगळ्यांचं वाचलं. शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे, तिथे मी हे मांडणार आहे. पाहुणा नको. बॅनर नको. चुकलेल्या चाचण्या पुन्हा घ्याव्यात, ही पीटीच्या सरांची मागणी सगळ्यात आधी. आणि एक मोठी वही, मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्या सोनेरी फलकाच्या खाली. प्रत्येक स्पर्धेनंतर सोबत गेलेल्या शिक्षकाने त्यात लिहायचं: कोण गेलं, कोणी काय केलं. राखीव, निखाऱ्याजवळ बसलेला, सगळे. वर्षाच्या शेवटी ती वही पालकांसमोर मोठ्याने वाचायची. तास-दीड तास लागला तरी चालेल.

पेडण्याचा निवृत्त मुख्याध्यापक
वहीला माझा विरोध नाही. जो जायबंदी झाला, ज्याने खेळ सोडला, त्याचंही पुढच्या वर्षी नाव वाचा. तेवढं केलंत तर मी स्वतः ऐकायला येईन.

पीटीचे सर, सांगे
ताई, बैठकीत कुणी म्हणेल की हे सगळं लिहायला वेळ कुणाकडे आहे. त्यांना सांगा, निम्मं काम झालेलंच असतं. प्रत्येक स्पर्धेला आम्ही संघाची प्रवेशिका भरतो, तिच्यात राखीव खेळाडूंसकट सगळ्यांची नावं असतात. माझ्याकडे गेल्या एकोणीस वर्षांच्या प्रती फाइलला लावलेल्या आहेत. राखीव गोलकीपर, तुमच्याही सरांनी तेव्हा तशी प्रवेशिका भरली असणार. बारा नंबरपासून खाली पाहा.