आजचा अण्वस्त्रांचा धोका १९६२ पेक्षा मोठा आहे का?

किनारपट्टी

मी बोईसरला, तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर राहतो. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या देशव्यापी सरावासाठी जी ठिकाणे निवडली गेली, त्यांत तारापूरचे नाव पहिल्या श्रेणीत होते. त्या आठवड्यात आईला १९७१ चा डिसेंबर आठवला. तेव्हा ती मुंबईत होती आणि खिडक्यांच्या काचांना खळीने काळे कागद चिकटवण्याचे काम तिच्याकडे होते. माझ्या अकरावीतल्या मुलीने तिला सरळ विचारले, ‘‘आजी, तू तेव्हा घाबरली होतीस, त्यापेक्षा आता आम्ही जास्त घाबरायचं का?’’ आई म्हणाली, ‘‘तेव्हा भीती विमानांची होती गं, या बॉम्बची नव्हती.’’ मला मात्र उत्तर सुचले नाही.

मी आकडे पाहिले. १९८६ च्या सुमारास जगात ७०,००० च्या आसपास अण्वस्त्रे होती, आज ती साधारण १२,००० आहेत. म्हणजे धोका बराच कमी झाला असे म्हणावे, तर गेल्या तीन-चार वर्षांतल्या बातम्या वाचताना तसे मुळीच वाटत नाही. शीतयुद्धातल्या, विशेषतः १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगाच्या वेळच्या, आणि आताच्या तणावाची तुलना नेमकी कशावरून करावी? अभ्यासू मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

कात्रणवही

संख्येवरून तुलना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर शहरे बेचिराख करण्याइतकी अस्त्रे हाती असलेल्या देशाकडे आणखी हजार अस्त्रे असली किंवा नसली, तरी आपल्या प्रश्नाच्या उत्तरात मोठा फरक पडत नाही. पाहायचे ते हे, की संशय आला त्या क्षणी समोरच्याला विचारण्याची सोय आहे का, आणि विचारायला वेळ किती आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या उंबरठ्यावर आले तेव्हा, ही सोय जवळजवळ नव्हतीच. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे, की मॉस्कोला तातडीचा सांकेतिक संदेश पाठवायचा तर वकिलातीतून तार कंपनीला फोन करावा लागे, मग एक तरुण सायकलवरून येऊन तो कागद घेऊन जाई, आणि तो वाटेत कुठे गप्पा मारत थांबू नये, एवढीच प्रार्थना करणे त्यांच्या हाती उरे. जगाचे भवितव्य त्या सायकलच्या कॅरिअरवर होते म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २८ ऑक्टोबरला क्षेपणास्त्रे मागे घेण्याचा निर्णय कळवताना सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी वेळ वाचवण्यासाठी तो चक्क मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवायला लावला.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची हॉटलाइन सुरू झाली. ती चित्रांत दिसते तशी लाल टेलिफोनची नव्हती, टेलिप्रिंटरची होती, कारण बोलताना सूर चढतो आणि शब्दाचा अर्थ निसटतो, तर लिहिलेले पुन्हा वाचता येते. चाचणीचा पहिला संदेश होता तो इंग्रजीतली सगळी अक्षरे येतील असे ‘चपळ तपकिरी कोल्ह्याने आळशी कुत्र्यावरून उडी मारली’ अशा अर्थाचे वाक्य. डिसेंबर १९७१ मध्ये, आपल्या आईंनी काचांवर काळे कागद लावले त्याच दिवसांत, अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांनी भारत-पाकिस्तान युद्धाबाबत सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना याच मार्गाने संदेश धाडला होता.

१९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारानंतर तर अमेरिकी निरीक्षक रशियातल्या वोत्किन्स्क या कारखान्याच्या गावी आणि सोव्हिएत निरीक्षक यूटामधल्या मॅग्ना गावी येऊन राहिले, आणि ही व्यवस्था २००१ पर्यंत तेरा वर्षे चालली. त्या कराराखाली एकूण २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली.

आता आजची स्थिती पाहा. तो करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. तैनात अस्त्रांवर १,५५० ची मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या अमेरिका-रशिया करारातला सहभाग रशियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थगित केला, त्याखालच्या प्रत्यक्ष तपासण्या तर मार्च २०२० पासूनच बंद होत्या, आणि कराराची मुदत होती ती ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. पूर्वी प्रत्येक मोठ्या भीतीनंतर एखादा कागद तयार झाला, आता प्रत्येक तणावात एखादा कागद फाटतो. मला काळजी वाटते ती याची.

तिसरा प्रहर

कात्रणवही, आपला मुद्दा मोलाचा आहे, पण त्यातून शीतयुद्धाचा काळ जरा जास्तच सुव्यवस्थित दिसू लागतो. हॉटलाइन होती, अस्त्रांवर मर्यादा घालणारे १९७२ चे करार होते, तरीही २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा सोव्हिएत उपग्रहांनी दिलाच. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहांनी क्षेपणास्त्रे समजून टिपला होता. पाळीवर असलेले लेफ्टनंट कर्नल पेत्रोव्ह यांनी विचार केला, की खरोखर हल्ला करायचा तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील, आणि त्यांनी वरिष्ठांना हा इशारा खोटा असल्याचे कळवले. त्या रात्री उपयोगी पडली ती एका माणसाची सारासार बुद्धी, आणि नशीब.

शिवाय अमेरिका आणि सोव्हिएत संघ, ‘ते दोघे’ एवढेच पाहून चालणार नाही. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिकांत चकमकी झडल्या. दोन्ही देशांकडे अण्वस्त्रे होती. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी माओंशी बोलण्यासाठी बीजिंगला फोन लावला, तर तिथल्या ऑपरेटरने त्यांना दूषणे देऊन फोन जोडण्यासच नकार दिला. तार शाबूत होती, ती जोडण्याची इच्छा नव्हती. पुढे सप्टेंबरमध्ये हो ची मिन्ह यांच्या अंत्यविधीहून परतताना कोसिगिन बीजिंगच्या विमानतळावर उतरले, तिथेच चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याशी त्यांचे बोलणे झाले आणि प्रकरण निवळत गेले.

हे आठवण्याचे कारण असे, की फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी बलून पाडल्यावर अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी चीनच्या संरक्षणमंत्र्यांशी बोलू इच्छित असल्याचे कळवले, तेव्हाही नकारच मिळाला. चीनचा अस्त्रसाठा आता ६०० च्या घरात गेल्याचे अंदाज आहेत आणि तो वेगाने वाढतो आहे. वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोघांना एकमेकांचे इशारे ओळखायला वीस वर्षे लागली. तिघांच्या खेळात प्रत्येक जण उरलेल्या दोघांची बेरीज करून आपला साठा ठरवू लागला, तर तो हिशेब कुठे थांबणार? आजचा काळ मला अधिक कठीण वाटतो तो या कारणाने. पूर्वीच्या पिढ्या शहाण्या होत्या म्हणून वाचल्या, हे मात्र मला मान्य नाही.

ध्रुवमत्स्य

मूळ प्रश्न बोईसरहून आला आहे, म्हणून उत्तर आपल्या उपखंडातही शोधले पाहिजे. वॉशिंग्टन ते मॉस्को क्षेपणास्त्राला अर्धा तास लागतो. इथे सीमेच्या अलीकडून पलीकडे जायला मोजकी मिनिटे पुरतात. तेवढ्यात एखाद्या पेत्रोव्हला विचार करायलाही सवड मिळणार नाही.

भीतीनंतर कागद तयार होतो हा मुद्दा आपल्याकडे अर्धाच लागू पडतो. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला, म्हणून तो १९८६-८७ च्या ‘ब्रासटॅक्स’ या भारतीय लष्करी सरावाच्या वेळच्या तणावाचे फळ आहे असे पुष्कळदा लिहिले जाते. पण राजीव गांधी आणि पाकिस्तानचे अध्यक्ष झिया उल हक यांच्यात त्याबाबतचे तोंडी मतैक्य डिसेंबर १९८५ मध्येच झाले होते. भारत-पाकिस्तान यांचा लाहोरचा जाहीरनामा फेब्रुवारी १९९९ चा, आणि त्यानंतर तीन महिन्यांत कारगिल उघडकीस आले. उलट संसदेवरील हल्ल्यानंतर दहा महिने सैन्य सीमेवर उभे राहिले, त्या अनुभवानंतरच्या वर्षांत क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार आणि अण्वस्त्रांशी संबंधित अपघातांबाबतचा २००७ चा करार हे दोन्ही झाले.

तरीही ९ मार्च २०२२ ला काय झाले ते पाहा. देखभालीच्या कामात आपले एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या हद्दीत १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती आणि जीवितहानी झाली नाही, पण पडेपर्यंत हे समोरच्याला कसे कळावे? भारताचा जाहीर खुलासा ११ मार्चला आला. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले, हे योग्यच झाले. मला मात्र ते दोन दिवस अधिक गंभीर वाटतात. ताबडतोब कळवण्याची सवय शांततेच्या दिवसांत लागली नाही, तर युद्धाच्या दिवसांत ती कुठून येणार?

मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रे आणि ड्रोन दोन्हीकडून उडत होते. ते थांबले १० मे रोजी, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे फोनवर बोलणे झाल्यावर. तो फोन लागला, हे आपले भाग्य. पण त्याआधीच्या पंधरवड्यात दोन्ही उच्चायुक्तालयांतल्या लष्करी सल्लागारांची पदे रद्द झाली आणि सिंधू जलकराराला स्थगिती मिळाली. पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेल्यानंतरचा संताप रास्त होता, कठोर उत्तरही आवश्यक होते. तरी ऐन संकटात एकमेकांशी बोलणारे गणवेशातले अधिकारी परत पाठवणे, आपण किंवा त्यांनी, मला दूरदृष्टीचे वाटत नाही.

कात्रणवही

१९८५ ची दुरुस्ती मान्य आहे, आभार. नियंत्रणरेषेवरील शस्त्रसंधी पाळण्याबाबतचे फेब्रुवारी २०२१ चे संयुक्त निवेदन मीही विसरलो होतो. २०१९ च्या बालाकोटनंतर काहीच घडले नाही असे मी मनाशी धरून चाललो होतो, ते चूक होते.

किनारपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. रात्री हे सगळे मुलीला वाचून दाखवले. सायकलवरून तार नेणारा तरुण तिच्या लक्षात राहिला. मग तिने १९८८ च्या कराराचे विचारले. मी सांगितले, की त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद इथे एकाच वेळी अणुप्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, आणि कारगिलनंतर, संसदेवरील हल्ल्यानंतर, बालाकोटच्या वर्षानंतरही ती चुकली नाही. यादीत काय असते हे जाहीर होत नाही. ती म्हणाली, ‘‘म्हणजे आपलं तारापूरही असेल त्यात.’’ असेलच. आईला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘शत्रूला पत्ता सांगायचा, तो हल्ला करू नको म्हणून. चांगलं आहे की हे.’’

आता तिला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली वर्तमानपत्रे जपून ठेवायची आहेत.