माळ्यावरची यंत्रं : ठेवलीत की दिलीत?

आई आता कायमची माझ्याकडे पुण्याला येतेय, म्हणून गेल्या महिन्यात सांगलीचं घर आवरायला घेतलं. माळ्यावरून एकेक खाली उतरवलं: एकवीस इंची डबा टीव्ही, व्हीसीआर, दोन टेपरेकॉर्डर, एक ट्रान्झिस्टर, स्टॅबिलायझर, सेट टॉप बॉक्स तीन, खोकंभर वायरी आणि बटणांचे पाच मोबाईल. मी सरळ म्हटलं, ‘आई, हे सगळं देऊन टाकू.’ ती पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, ‘२०१९च्या पुरात खालचं सगळं गेलं. माळ्यावरचं तेवढं वाचलं. पाण्यानं ठेवलं ते आपण आपल्या हातानं टाकायचं का?’

यावर मला काही बोलता आलं नाही. सामान पुन्हा वर चढवलं आणि परत आलो. तुमच्या घरी हा प्रश्न कसा सुटला? काय ठेवलंत, काय दिलंत, कुणाला दिलंत, नंतर चुटपुट लागली का? सविस्तर सांगा. मला खरंच ठरवायचं आहे.

रत्नागिरी, शिक्षिका

आमच्याकडे टेप होता आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चाळीसेक कॅसेट. बहुतेक सिनेमाची गाणी, भावगीतं, कीर्तनं. आता ती सगळी मोबाईलवर मिळतात, त्यामुळे डबाच देऊन टाकायचा ठरत होता. सहज एकेक हातात घेऊन बघितली, तर एका कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडलेला होता. एकाच बाजूचा. ज्यांनी टेप वापरलाय त्यांना ठाऊक असेल, तो तुकडा मोडला की त्या बाजूवर दुसरं काही भरता येत नाही. म्हणजे बाबांनी ते मुद्दाम जपून ठेवलं होतं. वर नाव नाही, तारीख नाही.

टेपमध्ये घातली तर मोटर घुंईऽ करते, चकती फिरत नाही. उघडून बघितलं. आतला रबरी पट्टा वितळून काळा चिकट डांबर झालेला. तो कापूस आणि स्पिरिटनं पुसायला अख्खी दुपार गेली, बोटं दोन दिवस काळी होती. गावातल्या जुन्या रिपेरिंगवाल्या काकांनी मापाचा पट्टा शोधून दिला आणि हेड साफ करून दिलं. कॅसेटवर कोकणातली बुरशी होतीच. शिवाय आतली फेल्टची गादी सुटली होती. नशिबानं कॅसेटला स्क्रू होते. काकांनी आतली फीत उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली.

त्यात माझी पणजी होती. जात्यावरच्या ओव्या म्हणत होती, मध्येच थांबून ‘झालं का रे? पुरे?’ असं विचारत होती, आणि मागे कोंबडा. आमच्या घरात तिचा फोटोसुद्धा नाही. माझ्या आईनं तो ‘पुरे?’ सात-आठ वेळा मागे घेऊन ऐकला.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपपर्यंत साधी वायर लावली आणि ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर सगळं भरून घेतलं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. आता त्या फाइली तिघा भावंडांकडे आहेत. टेप मी ठेवलाय, कारण अजून अकरा कॅसेट ऐकायच्या राहिल्यात. दादा, तुम्हाला एकच कळकळीनं सांगते. यंत्राचं काय करायचं ते नंतर ठरवा. त्या यंत्राशिवाय जे ऐकता-बघता येणार नाही, ते आधी बाहेर काढा.

नागपूर

फ्रिज. आजोबांनी घेतलेला, त्यामुळे कोणी हात लावू देत नव्हतं. काकांनी प्लगमध्ये लावायचं मीटर आणलं, तेव्हा दिसलं की तो दिवसाला अडीच युनिटच्या वर जातोय. नवा एक युनिटही घेत नाही. आजी स्वतःच म्हणाली, द्या. भंगारात मात्र दिला नाही. त्या काळच्या फ्रिजमध्ये आर-१२ वायू असायचा, नळी कापली की तो तसाच हवेत जातो आणि ओझोनच्या थराला मारक ठरतो. वायू यंत्रानं काढून घेणाऱ्या ठिकाणी पोचवला. पैसे कमी मिळाले.

कोल्हापूर, टीव्ही मेकॅनिक

मी १९९१ पासून टीव्ही दुरुस्त करतोय. डबा टीव्हीवर माझं घर चाललं, पोरांची शिक्षणं झाली, तेव्हा त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण गिऱ्हाईकाला मी आता स्पष्ट सांगतो, ठेवू नका. कंडेन्सर फुगलेला असला तर बदलता येतो, सोल्डर सुटलेलं असलं तर लावता येतं. एलओटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, गेला की संपलं. त्या मॉडेलचा मिळत नाही, दुसऱ्या सेटचा काढून बसवला तर किती दिवस टिकेल याची खात्री मी देऊ शकत नाही. शिवाय वीज जास्त.

दोन गोष्टी मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज राहतो, लाल रबरी टोपीखाली हात गेला तर जोराचा झटका बसतो. मी शिकाऊ असताना खाल्लाय, दंड खांद्यापर्यंत बधिर झाला होता.

दुसरं, ट्यूबच्या काचेत शिसं असतं. भंगारवाला बिचारा तांब्यासाठी घेतो. ट्यूबच्या मानेवरची कॉइल काढायला तो तिथंच दगडानं मान फोडतो, काच गटाराकडेला टाकतो, आणि वायरी जाळून तांबं काढतो. त्या धुरात त्याचीच पोरं असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडून ठरलेलं रिसायकलिंग करवून घ्यायची जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपनीवरच आहे. कंपनीला फोन करा, नाहीतर नोंदणी असलेला रिसायकलर शोधा. शंभर-दोनशे रुपये कमी आले तरी चालतील. मी दुकानातले एकतीस सेट असेच दिले.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे देणं सोपं आहे. चारशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाला पंचवीस सेंटिमीटरपर्यंतच्या जुन्या वस्तू फुकट परत घ्याव्याच लागतात, तिथे काही विकत घ्यायचीही अट नाही. जुने फोन, चार्जर मी असेच दिले.

भारतातून आणलेला मिक्सर मात्र अठरा वर्षं चालतोय. व्होल्टेज दोन्हीकडे जुळतं, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. दर दोन-तीन वर्षांनी आई येताना पर्समध्ये कार्बन ब्रशची जोडी आणि कपलर घेऊन येते. दुरुस्त होतंय तोवर त्याला मी जुना म्हणणार नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटण इथल्या मिक्सरमध्ये तसं होतच नाही.

वाई

बाबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला, मर्फी रेडिओ. लाकडी पेटी, समोर पिवळसर कापड, काचेवर गावांची नावं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली आणि वीसेक वर्षं तो कोणी लावला नव्हता. मी उत्साहात थेट प्लग लावणार होतो, तेवढ्यात ओळखीच्या गृहस्थांनी हात धरला. इतकी वर्षं पडून असलेल्या रेडिओतले कंडेन्सर शॉर्ट झालेले असू शकतात, थेट वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो. त्यांनी मध्ये शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडला. बल्ब लख्ख पेटला तर आत गडबड, मंद झाला तर ठीक. आमचा लख्ख पेटला. चार कंडेन्सर बदलल्यावर दुसऱ्यांदा मंद झाला.

मग हळूहळू मागच्या फटीतून व्हॉल्व्हचा केशरी उजेड दिसू लागला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. तो वास बाबांच्या खोलीचा होता. अर्ध्या मिनिटानं खरखर सुरू झाली. स्टेशन काही लागेना. मुलीनं घरातले एलईडी दिवे घालवले तशी खरखर एकदम निम्म्यावर आली. मध्यम लहरींना त्या दिव्यांचाच त्रास होत होता. रात्री लांबची केंद्रं पकडता येतात, कारण अंधार पडल्यावर त्या लहरी आकाशातल्या थरावरून परततात. बाबा रात्री साडेनऊनंतरच काटा का फिरवत बसायचे, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही ठेवलाय. बैठकीत. रविवारी रात्री लावतो, दिवे घालवून.

ठाणे

मला फार चुटपुट आहे. २०१४ साली जुना कॉम्प्युटर ‘चालू होत नाही’ म्हणून देऊन टाकला. त्यात मुलाच्या पहिल्या चार वर्षांचे फोटो होते. सीडीवर घेतलेत असं मी धरून चालले होते. त्या सीड्या निघाल्या वेगळ्याच. नंतर समजलं की कॉम्प्युटर चालू न होण्याचा हार्ड डिस्कशी संबंध असेलच असं नाही. बहुतेक वेळा पॉवर सप्लाय गेलेला असतो, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते. आता मी डिस्क काढल्याशिवाय काही देत नाही. मजकूर उतरवून घेते, मग डिस्कला ड्रिलनं आरपार भोकं पाडून देते, म्हणजे बँकेची कागदपत्रं दुसऱ्याच्या हाती जात नाहीत.

आणि दादा, त्या पाच मोबाईलच्या बॅटऱ्या आजच बघा. फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. आमच्या शेजारी कपाटात ठेवलेल्या फोननं पेट घेतला होता.

ही चर्चा सुरू करणारा, सांगलीहून परत आल्यावर

सगळं वाचून आईला वाचून दाखवलं. कोल्हापूरच्या काकांचं ऐकून तिनंच टीव्ही द्यायला सांगितला. तो, स्टॅबिलायझर, सेट टॉप बॉक्स, वायरी आणि फोन रीतसर गेले. फोनपैकी दोन बॅटऱ्या खरंच फुगल्या होत्या. व्हीसीआर अजून आहे. लग्नाची कॅसेट बुरशीनं पांढरी झालीय, ती साफ करून देणारा पुण्यात सापडलाय, तोवर व्हीसीआर राहील.

रत्नागिरीच्या ताई, कॅसेट एकेक करून बघतोय. कडा मोडलेली अजून सापडली नाही.

ट्रान्झिस्टर मात्र मी देण्याच्या ढिगात ठेवला होता. आईनं तो उचलून मांडीवर घेतला. पुरात वीज गेली, फोन बंद पडले, गच्चीवर चार घरांची माणसं होती, तेव्हा कोयनेतून किती पाणी सोडतायत ते याच्यावरच ऐकत होतो, म्हणाली. हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. मग तिनं मागचं झाकण सरकवलं, आतले सेल काढून रुमालात गुंडाळले. आत राहिले तर पाझरतात, पत्र्या खातात. ट्रान्झिस्टर आणि सेल वेगवेगळे, दोन्ही तिच्या पिशवीतून पुण्याला आले.