‘तूस’ नेमके कशाला म्हणावे?

प्रश्न (मुलुंड) : तृणधान्यांच्या फुलांची जडणघडण ठरवणाऱ्या जनुकांवरील एका लेखाचा मी मराठी अनुवाद करत आहे. त्यात ग्लूम, लेमा आणि पॅलिया असे तीन शब्द येतात आणि मला तिन्हींसाठी ‘तूस’ एवढेच सुचते. तिन्ही ठिकाणी तोच शब्द वापरला तर बिघडेल का?

उत्तर (दादर) : बिघडेल, आणि तेही लेखाच्या गाभ्यातच. संस्कृत ‘तुष’वरून आलेला हा शब्द आपण कांडणाऱ्याच्या नजरेने वापरतो, दाण्यावरून जे काढून टाकायचे ते तूस, मग ते फुलाच्या कोणत्या भागापासून झाले याची त्याला काय फिकीर? साळीचा एक दाणा नखावर घेऊन पाहिला तर एकमेकांत अडकलेल्या दोन होड्या दिसतात. त्यांतली मोठी लेमा आणि धाकटी पॅलिया. ग्लूम म्हणजे या दोन्हींच्याही बाहेर, बुडाशी असणारी आवरणे; भातात खरे ग्लूम जवळजवळ नाहीसेच झालेले असतात.

खपली गव्हाचे याच्या उलट आहे. मागे सांगलीकडच्या नातेवाइकांनी खपलीची एक ओंबी आणली होती. ती तळहातावर चोळली तर दाणे सुटेनात, ओंबीचेच तुकडे पडले आणि बहुतेक तुकड्यांत दोन-दोन दाणे कडक ग्लूमच्या आत घट्ट बसलेले निघाले. नेहमीच्या गव्हात ५ए गुणसूत्रावरील ‘क्यू’ जनुकाच्या बदललेल्या रूपामुळे हे ग्लूम सैल पडले, म्हणून तो मळणीत सहज मोकळा होतो. (शिवाजी पार्कजवळ भुट्टेवाला कणसावरून जे सोलतो ते तूस नव्हे, ती खरीखुरी पानेच असतात.)

प्रश्न (मुलुंड) : मग लेमाला ‘बाहेरचे तूस’, पॅलियाला ‘आतले तूस’ आणि ग्लूमला ‘खवला’ म्हणावे काय?

उत्तर (दादर) : पहिले दोन मला पटतात, कारण ‘ओएसमॅड्स-१ हे जनुक बिघडले की भाताची बाहेरची व आतली तुसे पानांसारखी वाढतात’ हे वाक्य कोणालाही कळेल. ‘खवला’ मात्र भातापुरताच शोभेल. खपलीच्या जाड, टणक आवरणाला तो फारच नाजूक वाटतो, म्हणून तिथे ग्लूमच राहू द्यावे. लोडिक्यूलला ‘लघुतुष’ म्हणण्याचा मोहही टाळावा. फुगून तुसे उघडणारे ते दोन इवलेसे अवयव पाकळ्यांच्या जागी असतात, आणि ‘सुपरवुमन-१’ या जनुकातील बिघाडाने पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसर येतात तेव्हा तेच लोडिक्यूल तुसासारखे होतात; त्यांना आधीच तूस म्हणून ठेवले तर बदलले काय, हे वाचकाला कसे सांगणार? लेमाच्या टोकाला फुटणाऱ्या काट्यासारख्या केसाला ‘कुसळ’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहेच, तो तेवढा बदलू नका.