काम संपलं, माझी पाठ फिरली आणि हॉल परत होता तसा

कोनाडा

नमस्कार मंडळी. इथे घरांची इंटिरिअरची कामं करणारे बरेच आहेत आणि करून घेतलेलेही बरेच, दोघांकडूनही ऐकायचंय म्हणून धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

स्वतःची कामं घ्यायला लागून मला दोन वर्षं झाली. आधी एका ऑफिसात होते, तिथे सगळी कामं दुकानं नाहीतर ऑफिसं, म्हणजे जिथली माणसं संध्याकाळी उठून घरी जातात. राहत्या घरातलं हे माझं चौथं काम. फक्त हॉल, साधारण बारा बाय सोळा. घरात सहा जण, आजी-आजोबा, ताई आणि त्यांचे मिस्टर, दोन मुलं, एक सातवीत एक दुसरीत. बोलणं सगळं ताईंशी. त्यांचं म्हणणं एकच होतं की हॉलमध्ये फार पसारा वाटतो, मोकळं आणि शांत दिसलं पाहिजे. मग मी एल शेपचा सोफा घेतला, टीव्हीच्या भिंतीला पॅनेलिंग, खाली बंद दारांचं लांब युनिट, मधे बुटकं सेंटर टेबल, भिंती फिकट राखाडी, आणि फॉल्स सीलिंगमध्ये २७०० केल्विनचे पिवळसर दिवे. आजोबांची जुनी आरामखुर्ची आतल्या खोलीत नेली. झाल्यावर सगळे खूश, फोटो काढले, मीही दोन जणांना पाठवले, खोटं कशाला बोलू.

तीन आठवड्यांनी एका शटरची बिजागरी आवळायला गेले तर काय बघते, आरामखुर्ची परत खिडकीशी, अर्ध्या वाटेत. शेजारी प्लास्टिकचं स्टूल, त्यावर चष्म्याचं घर, औषधांचा डबा आणि एक टेबल लॅम्प, ज्याची एक्स्टेन्शन कॉर्ड माझ्या नव्या पॅनेलवरून आडवी गेलेली. सोफ्याच्या एल वर कपड्यांच्या घड्या. दप्तरं दारात जमिनीवर. सेंटर टेबल भिंतीला सरकवलेलं. ताई ओशाळून म्हणाल्या, "अगं आज जरा पसरलंय." पण ते आजचं नव्हतं, खुर्चीच्या पायांचे चट्टे पडले होते जमिनीवर.

तर प्रश्न असा की माझं नेमकं चुकलं कुठे? लेआउट कागदावर चांगला होता, अजूनही वाटतं. लोकांना सवय व्हायला वेळ द्यायचा की काहीतरी मुळातच चुकलंय? आणि आता मी स्वतः जाऊन हे सुधारून द्यायचं का, पैसे मागायचे का नाही?

सरळरेषा

एवढं मनाला लावून घेऊ नका. माणसं तीस तीस वर्षं एका पद्धतीने बसलेली असतात, तीन आठवड्यांत काय होणार. आमच्याकडे मधलं टेबल काढलं तेव्हा महिनाभर सगळे मला बोलत होते की वस्तू ठेवायच्या कुठे, आता कुणाला विचारा परत आणू का. थोडी कळ काढा. घरच्यांच्या सवयीप्रमाणेच सगळं करायचं तर डिझायनर कशाला हवा, रंगारी बोलवला की झालं.

जुनीखोड

सरळरेषा, टेबलाचं ठीक आहे पण इथे एक म्हातारा माणूस जड खुर्ची ओढत आतून बाहेर घेऊन आलाय. ती सवय नाही, गरज आहे. सवय असती तर कुरकुर करून सोफ्यावर बसले असते.

कोनाडा, मी वीसेक वर्षं फक्त राहत्या घरांची कामं करतेय, तुझा प्रश्न वाचून माझी पहिली तीन-चार कामं आठवली. ब्रीफ, म्हणजे घरच्यांना काय हवंय ते, कुणाकडून घेतलंस? जिने फोन केला तिच्याकडून. आपण सगळ्याच तसं करतो. पण जी फोन करते ती खोली आवरणारी असते, खोलीत सगळ्यात जास्त बसणारी नसते. त्या घरात दिवसाचे आठ-दहा तास हॉलमध्ये आजोबा बसतात आणि तू त्यांच्याशी बोललीच नाहीस असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतंय.

मी काय करते सांगते. पहिल्या भेटीआधी सांगून ठेवते की आवरू नका, आवरलेलं असेल तर मी परत जाईन, हसतात पण ऐकतात. मग पसाऱ्याचेच फोटो काढते. पसारा हा नकाशा असतो गं, कुठली वस्तू रोज कुठे येऊन पडते ते बघायचं आणि तिची जागा तिथेच हातभर अंतरात करायची. दप्तर दारात पडत असेल तर दप्तराची जागा दारातच, आतल्या खोलीतल्या कपाटात कितीही सुंदर खण केलास तरी दुसरीतलं पोर तिथपर्यंत जाणार नाही. दुसरं, "तुम्हाला कसं आवडेल" हे कुणाला विचारू नये, लोक मोबाइलवर बघितलेलं काहीतरी सांगतात. "काल संध्याकाळी सात वाजता घरात कोण कुठे होतं" असं विचारायचं. आणि प्रत्येकाला वेगळं गाठायचं. सुनेसमोर सासरे बोलत नाहीत आणि सासऱ्यांसमोर सून बोलत नाही, मुलं तर कुणी विचारलं नाही म्हणून बोलत नाहीत, वास्तविक सगळ्यात खरं तीच सांगतात.

आता सोफा. सीटची उंची मोजलीस का? आजकालचे सोफे पंधरा-सोळा इंच उंच आणि खोल, त्यात गुडघे दुखणारा माणूस बसला की उठताना पुढे टेकायला काही नाही आणि मागे रुततो. म्हाताऱ्या माणसाला अठरा-एकोणीस इंच उंची लागते, गादी घट्ट आणि दोन्ही बाजूंना हात. आरामखुर्चीला हात आहेत, तुझ्या एल च्या कोपऱ्यात नाहीत. बुटकं टेबल त्यांच्या नडगीला लागलं असणार म्हणून भिंतीला गेलं. सोफा आणि टेबलात सोळा ते अठरा इंच ठेवतो आपण, पण जिथून येजा आहे तिथे तीन फूट मोकळे लागतातच.

पैशांचं विचारलंस म्हणून, सगळं फुकट करू नकोस. जे तू विचारलं नाहीस म्हणून चुकलं तेवढं तुझ्या अंगावर घे, नवीन जे मागतील त्याचे पैसे घे.

लख्ख

वरचं सगळं पटलं, मी फक्त उजेडाचं बोलतो कारण माझं काम तेच.

टेबल लॅम्प हा तुमचा पुरावा आहे. सीलिंगमधले दिवे डोक्यावरून खाली पडतात, माणूस पेपर वाचायला पुढे वाकला की स्वतःच्याच डोक्याची सावली अक्षरांवर. त्यात वय. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच असतो, बाहुली लहान झालेली असते आणि आतलं भिंग पिवळट. म्हणजे तुम्हाला जो उजेड शांत, छान वाटतो तो आजोबांसाठी चक्क अंधार आहे. २७०० केल्विन चुकीचं नाही, संध्याकाळी बरं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही. खुर्चीच्या बाजूला, खांद्याच्या थोडा मागे, वेगळ्या बटणाचा एक दिवा द्या, ८०० च्या आसपास ल्युमेन (बल्बच्या उजेडाचं माप, खोक्यावर असतं), शेड असा की बल्ब थेट डोळ्यात येणार नाही. शक्य असेल तर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा बघा. गोळ्यांच्या पट्ट्यांचे रंग ओळखता येतात त्यात, ही गंमत नाही, वयानुसार निळ्या आणि हिरव्यातला फरक कमी कळायला लागतो.

अवांतर: फिकट राखाडी कुठल्या उजेडात निवडलात? थेट ऊन न येणाऱ्या खोलीत तो रंग दिवसा निळसर, आजारी दिसतो आणि रात्री पिवळ्या दिव्यात मळका. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर कधी ठरवू नका. दोन फूट बाय दोन फुटाचे पॅच, दोन वेगवेगळ्या भिंतींवर, दोन हात मारून पूर्ण वाळू द्यायचे आणि सकाळ, दुपार, रात्री दिवा लावून असे तीनदा बघायचे. लोक कंटाळतात, पण अख्खी खोली परत रंगवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चावीवाली

मी डिझायनर नाही, घर करून घेतलेली आहे आणि अजून राग गेलेला नाही त्यामुळे जरा तिखट वाटलं तर माफ करा.

आमच्या डिझायनरला बंद दारांचं वेड होतं. सगळं बंद. हॉलमधलं युनिट चोवीस इंच खोल, त्यात मागे गेलेली वस्तू थेट पुढच्या शिफ्टिंगलाच सापडणार. हँडल नको, दाबून उघडणारे शटर, त्यावर काळा ग्लॉसी लॅमिनेट, म्हणजे उघडायचं तर बोट लावायचंच आणि बोट लावलं की ठसा दिसणारच. मी दिवसातून दोनदा पुसायचे. मुलगा म्हणाला, आई तू हॉलमध्ये बसतच नाहीस, नुसती पुसतेस. आणि चार्जर! चार मोबाइल, एक लॅपटॉप, आणि सोफ्याजवळ पॉइंट एक, तोही सोफ्याच्या मागे. विचारलं तर म्हणे पॉइंट दिसले की भिंतीचा लूक जातो.

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण ड्रॉइंग कळतच नव्हतं मला. वरून बघितलेली खोली कुणाला कळते? मान डोलवली. ताईंनीही डोलवली असेल. तुम्ही लोक समोरचा हो म्हणाला म्हणजे समजलं असं धरून चालता.

रंध्याखालचा

चावीवाली ताई +१००. मी आधी सुतारकाम, आता लेबर घेऊन पूर्ण कामं करतो. आमच्यात म्हणतात, एक्स्टेन्शन दिसली की समजायचं पॉइंट चुकला.

ड्रॉइंग कळत नाही यावर साधा उपाय, जमिनीवर मास्किंग टेपने सोफा, टेबल, युनिट सगळं खऱ्या मापात मारायचं आणि दोन दिवस तसंच ठेवून घरच्यांना वावरू द्यायचं. उंचीसाठी जुने खोके रचायचे. पहिल्याच संध्याकाळी कळतं कोण कुठल्या टेपवरून चालतंय. फुकटचं काम आहे पण कुणी करत नाही, घाई असते.

माझं मत विचाराल तर राहत्या घरात ठोकलेलं सामान कमी आणि सुटं जास्त ठेवा. मुलं मोठी होतात, म्हातारी माणसं आजारी पडतात, भिंतीला ठोकलेलं युनिट हलत नाही. फक्त उंच कपाट किंवा बुकशेल्फ सुटं असेल तर वरून भिंतीला पट्टी मारून आवळायचंच, लहान मूल खणावर पाय देऊन चढतं आणि कपाट अंगावर येतं. तिथे लूक बिक बघायचा नाही. आणि पुस्तकांची फळी १८ एमएमची असली तरी अडीच फुटाच्या पुढे आधार न देता नेऊ नका, वर्षभरात पोट सुटतं.

सरळरेषा

बरं बाबा, हरलो. पण आजोबांची खुर्ची वाटेतच का, खिडकी तर लांबलचक असेल, थोडी बाजूला का नाही, हे मला खरंच कळलं नाही.

कोनाडा

सगळ्यांचे आभार, काही प्रतिसाद लागले पण बरोबर लागले. सरळरेषा, तुमचाच प्रश्न डोक्यात घेऊन काल संध्याकाळी गेले. ताईंना सांगितलं की काही करायला नाही, नुसती बसायला येतेय. दीड तास बसले.

खुर्ची तिथेच का, तर तिथून दार सरळ दिसतं. मुलं शाळेतून येतात तेव्हा दार आजोबा उघडतात, ते त्यांचं काम आहे, अगदी ड्यूटी. दोन हात बाजूला सरकवली की माझं टीव्हीचं पॅनेल आड येतं. हे एक. दुसरं मला आजींनी हळूच सांगितलं. आजोबांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मी त्यांना सोफ्याचा जो कोपरा दिला होता, मानाची जागा म्हणून दिला होता हो, तिथे बसलं की सगळं घर त्यांच्या डाव्या बाजूला. तीन आठवडे माणसं बोलतायत आणि हे नुसते हसतायत. खिडकीशी बसलं की सगळे उजवीकडे. ताईंना कानाचं माहीत होतं पण जागेशी त्याचा संबंध त्यांच्याही लक्षात आला नव्हता.

घड्यांचं आजींना विचारलं. कपडे बाल्कनीतून येतात, वाकायला नको म्हणून आधी त्या एका जुन्या कपाटावर उभ्याने घड्या घालायच्या. ते कपाट मी मोडीत काढायला लावलं होतं.

तर आता असं ठरलंय. एल चा तुकडा सुटा आहे तो काढायचा, तिथे कमरेच्या उंचीचं अरुंद कपाट, वरचा भाग रिकामा ठेवायचा, भिंतीला आवळून. दाराशी तीन फुटावर दोन मोठे हूक, दुसरीतल्याने स्वतः उंची दाखवली. पॅनेलची एक पट्टी काढून खुर्चीमागे पॉइंट आणि दिवा, हे माझ्या खर्चाने. कपाटाचे पैसे ते देतायत, मी मागितले, जुनीखोड ताई, आवाज जरा कापला पण मागितले. रंगाचं लख्ख म्हणतायत ते खरं आहे, दिवसा निळसर दिसतोय, पण ताईंना तो आवडतोय, म्हणून तूर्त गप्प बसलेय.

निघताना आजोबांना म्हटलं, त्या प्लास्टिकच्या स्टुलाच्या जागी एक छान साइड टेबल आणू का. ते म्हणाले, "का, त्या स्टुलाला काय झालंय?"