फोन संगणकाला लावल्यावर तुमचं काय होतं? (यूएसबी-पॉवरचे अनुभव)

फोन संगणकाला लावला की कधी नुसती टुंग-टुंग, कधी ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’, तर कधी रात्रभर लावूनही बॅटरी होती तिथेच. बर्डीवर जाऊन नवी केबल आणायची, हा नागपुरातला ठरलेला इलाज. बऱ्याचदा तो लागूही पडतो. नाही पडला तर पुढे काय केलंत ते इथे लिहा. ‘विंडोज फॉरमॅट मारा’ हा सल्ला नको, तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुठल्या पोर्टला लावला होता, काय दिसत होतं आणि नेमकं काय बदलल्यावर सुटलं, तेवढं सांगा. बोली कोणतीही चालेल.

मानेवाडा, ऑनलाइन फॉर्मचं दुकान
दिवसभर लोक फोन पुढे करतात, “भाऊ, यातली पीडीएफ काढून द्या.” ॲडमिशनच्या दिवसांत तर रांगच. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला फोन लावला की चार्जिंगचं चिन्ह येतं, जातं, येतं, जातं. तोच फोन, तीच केबल मागच्या पोर्टला मुकाट चालते. कॅबिनेट उघडून पाहिलं. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर झाळलेले असतात. पुढच्यांना आतून एक वायर जाते आणि ती मदरबोर्डच्या पिनांवर नुसती खोचलेली असते. स्वस्तातल्या कॅबिनेटमध्ये ही वायर इतकी बारीक, की फोनने ओढ घेतली की व्होल्टेज वाटेतच पडतं. मी सरळ कॅबिनेट फिरवून त्याची पाठ गिऱ्हाइकाकडे केली. दिसायला वाईट दिसतं, पण रांग पुढे सरकते.

आणि एक. ‘फोन दिसतच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा फोन ठणठणीत असतो. ॲन्ड्रॉइड फोन जोडला की तो आधी फक्त चार्जिंगवर असतो. लॉक उघडा, वरचा पडदा ओढा, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. बस.

प्रतापनगर, घरून काम
आधी हिशेब समजून घ्या. यूएसबी २.० पोर्टचं ठरलेलं माप ५०० मिलिअँपिअर, ३.० चं ९००. ५ व्होल्टने गुणलं तर २.५ आणि ४.५ वॅट. भिंतीतला साधासा चार्जरही १० वॅट देतो. स्क्रीन चालू, हॉटस्पॉट चालू, वर ॲपचं टेस्टिंग, मग मिळेल तेवढं फोन खाऊन टाकतो आणि टक्का हलत नाही. याला बिघाड म्हणू नये.

माझी तक्रार दुसरीच होती. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की थोड्या वेळाने फोन तुटायचा. वीज वाचवायला विंडोज रिकामे वाटणारे पोर्ट झोपवतं, त्याला सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणतात. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ते बंद केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची टिक काढली. त्यानंतर शांतता.

वरच्याला उत्तर, त्रिमूर्तीनगर
५०० चा नियम सगळीकडे लागू नाही हो. काही पोर्टांजवळ बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असतं, ते चार्जिंगसाठीचे. त्यातून १.५ अँपिअरपर्यंत मिळू शकतं, आणि टाइप-सीतून ५ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत. फक्त टाइप-सीशेजारचं विजेचं चिन्ह थंडरबोल्टचंही (वेगवान डेटा-जोडणीचा एक प्रकार) असू शकतं, तेव्हा चिन्हावर भाळू नका.

धंतोली, मोबाइल दुरुस्ती
सेटिंगा नंतर. मी आधी फोनच्या तोंडात टॉर्च मारतो. टाइप-सीच्या मधल्या जिभेभोवती खिशातला भुगा आणि धूळ दाबून दाबून नमद्यासारखी बसलेली असते. केबल पूर्ण आत गेल्यासारखी वाटते, पण शेवटी जरा बाहेरच राहते. हलवली की सुटते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने हलकेच उकरा. सुई, सेफ्टी पिन अजिबात नको. जीभ मोडली की बोर्डाचं काम निघतं, आणि ते मीच पैसे घेऊन करतो.

मग मीटर. पोर्ट आणि केबलच्या मधे लावायचं छोटं यूएसबी मीटर मिळतं, पण केबलची परीक्षा घ्यायची तर ते केबलच्या फोनकडच्या टोकाला बसणारं हवं. काल आलेल्या एका केबलवर रिकामं असताना ५.१ व्होल्ट होतं. फोन लावून स्क्रीन पेटवली तर ४.४. दुसरी केबल घातली, ४.९. म्हणजे पोर्टवर राग काढायचं कारण नाही. केबल बदलूनही आकडा पडलेलाच राहिला तर मग पोर्टकडे बघा. काही स्वस्त केबलींत तर डेटाच्या तारा नसतातच. चार्जिंग मजेत होतं, आणि फोन आल्याचा संगणकाला पत्ता नाही.

महाल
आमच्याकडचं येगळंच हाय भाऊ. कूलर चालू केला का फोन तुटे. बंद केला तरी तुटे. पोट्टा म्हणे व्हायरस आहे. कूलर अन् कम्प्युटर एकाच एक्स्टेन्शनवर होते ना! मोटर चालू-बंद होताना लायनीत झटका येते, तो यूएसबीले सहन होत नाही. कूलर दुसऱ्या सॉकेटवर नेला अन् व्हायरस गेला. आता नवतप्यात कूलरच बंद ठेवा असं कोणी सांगू नका.

धरमपेठ
नवतप्यावरून आठवलं. बॅटरी तापली की फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. पारा ४५ वर असताना दुपारी पोर्ट तपासत बसण्यात अर्थ नाही. कव्हर काढा, लॅपटॉपची गरम हवा जिथून निघते तिथून फोन दूर ठेवा, संध्याकाळी परत पाहा.

गोधनी
एक विचारायचं होतं. डेस्कटॉपला फोन लावला की त्याच्या धातूच्या कडेला हात लावताना मुंग्या येतात. टचही वेड्यासारखा चालतो. पॉवर जास्त येत असेल का?

गोधनीला उत्तर, मानेवाडा
जास्त नाही, अर्थिंग नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतो. तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. ती वाट नसेल तर यूएसबीच्या आवरणातून फोनवर, तिथून तुमच्या बोटात. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा. मुंग्यांपेक्षा जास्त जाणवलं तर तोवर संगणक लावूच नका.

हिंगणा रोड, होस्टेल
एकाच हबवर कूलिंग पॅड, हार्ड डिस्क आणि फोन. ‘पॉवर सर्ज ऑन यूएसबी पोर्ट’ असा संदेश आला, मग सगळंच बंद. साधा हब स्वतः काही बनवत नाही, लॅपटॉपच्या एका पोर्टचं तिघांत वाटतो. स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब घेतला. फोन मात्र अजून थेट लॅपटॉपलाच लावतो.

त्रिमूर्तीनगर, पुन्हा
दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट बघून ठेवा. आमच्याकडे फोनची बॅटरी लावल्यावर उलट भराभर उतरत होती. कोणी कोणाला वीज द्यायची हे या केबलीत दोन्ही उपकरणं आपसात ठरवतात, आणि आमचा फोन लॅपटॉपलाच पाजत बसला होता. फोनच्या यूएसबी सेटिंगमध्ये ‘जोडलेलं उपकरण चार्ज करा’ असा पर्याय असतो, तो बंद केला. काही फोनांत तो दिसत नाही. मग केबल काढून आधी लॅपटॉपचा चार्जर लावा आणि फोन नंतर जोडा, बहुतेक वेळा दिशा सरळ होते.