पावसाळी भटकंतीनंतर तरुण संघाशी काय बोलावे?

तरुणसंघ_इंदूर
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी तरुण संघाचे काम पाहतो. गेल्या शनिवारी अकरा मुलांना घेऊन मी इंदूरजवळच्या पातालपानीहून मीटरगेजच्या हेरिटेज गाडीने कालाकुंडला गेलो. गाडी परत निघेपर्यंत थोडा वेळ हाताशी असतो. तेवढ्यात चोरल नदीच्या बाजूने पुढे जाऊन बायबलमधले १२१ वे स्तोत्र वाचावे, प्रार्थना करावी आणि परतावे, असा बेत होता. वाटेतला ओढा जाताना घोट्याएवढाही नव्हता. तासाभराने परतलो तर तोच ओढा दूध घातलेल्या चहासारखा गढूळ होऊन गुडघ्याच्या वर चढला होता, आणि गंमत म्हणजे आमच्या डोक्यावर ऊन होते. आमच्यातला एक सतरा वर्षांचा मुलगा, नुकत्याच वाचलेल्या स्तोत्रातले ‘तो तुझा पाय ढळू देणार नाही’ हे वचन म्हणत, बूट गळ्यात अडकवून पाण्यात उतरू लागला. मी त्याला दंडाला धरून मागे ओढले. आम्ही काठावरच बसून राहिलो, गाडी चुकली, आणि अखेर एका गुराख्याने लांबच्या वाटेने आम्हांला सडकेवर आणून सोडले. सकाळी स्टेशनाबाहेर ‘आज नाला मत उतरना’ असे सांगणारा तोच हा माणूस.

आता येत्या रविवारी मला या प्रसंगावर बोलायचे आहे. संकटातून देव सोडवतो, हा विषय मनात आहे. पण त्या मुलाने सर्वांसमोर विचारले की, ‘दादा, वचनावर विश्वास होता तर आपण थांबलो कशाला?’ त्याला काय उत्तर द्यावे?

महूकर
आधी पाण्याविषयी लिहितो, कारण मुलांना तेही सांगितले पाहिजे. कालाकुंड घाटाखाली आहे. वर माळव्याच्या पठारावर पाऊस झाला की ते पाणी उतारावरून खालच्या ओढ्यांत येते, त्यामुळे खाली ऊन असले तरी ओढा फुगतो. नितळ पाणी एकाएकी गढूळ होणे आणि त्यावर पालापाचोळा व काटक्या वाहत येणे, ही खूण दिसली की पलीकडे जाण्याचा विचार सोडून उंचावर जाऊन बसावे. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी धडधाकट माणसाचेही पाय उचलते; कमरेला दोरी बांधून उतरणे तर त्याहून घातक, कारण तोल गेल्यावर तीच दोरी माणसाला पाण्याखाली धरून ठेवते. तुम्ही थांबलात हे योग्यच केलेत. आमच्या भागात या चुकीने माणसे गेली आहेत.

उपासिका
भाऊ, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि तो प्रसंग तुमच्या ओढ्याच्या इतका जवळचा आहे की मला वाचताना नवल वाटले. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि खाली उडी टाक म्हणतो, तेव्हा तो आपल्या मनचे काही बोलत नाही, तर ९१ व्या स्तोत्रातले, देवदूत तुझा पाय धोंड्यावर आपटू देणार नाहीत, हे वचनच पुढे करतो. म्हणजे तिथेही स्तोत्र आहे, तिथेही पायाचीच गोष्ट आहे. प्रभू ते वचन खोटे ठरवत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले दुसरे एक वचन तो त्याच्याशेजारी ठेवतो. मात्र हे सांगताना त्या मुलाला सैतानाच्या जागी उभे करू नका. त्याला वचन पाठ होते आणि ऐन वेळी आठवले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

जुना_वाचक
उपासिकाताईंचे म्हणणे मान्य आहे, पण मला तुमच्या लिखाणातल्या पहिल्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य खटकले. गुराख्याने सकाळीच सावध केले होते, आणि ते तुम्ही जाता जाता, एका ओळीत सांगून टाकले आहे. रविवारचा विषय तिथे आहे, असे मला वाटते.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७ वा अध्याय मुलांबरोबर सावकाश वाचा. प्रवासाचा हंगाम टळून गेलेला आहे, पुढे गेल्यास जहाजाची आणि जिवांचीही हानी होईल, असे कैदी म्हणून जहाजाने रोमला नेला जाणारा प्रेषित पौल क्रेत बेटावर सांगतो. पण शताधिपती (त्याला नेणारा रोमी सैन्याधिकारी) त्याचे न ऐकता तांडेल आणि जहाजाचा मालक यांचे ऐकतो. ते बंदर हिवाळा काढायला सोयीचे नव्हते, म्हणजे त्यांचे कारणही अगदीच पोकळ नव्हते. पुढे चौदा दिवस वादळ, आणि अखेर मलिता (आजचे माल्टा) बेटाजवळ जहाज फुटते. २७६ माणसे वाचतात. (मधेच पौल ‘तुम्ही माझे ऐकायला हवे होते’ असे बोलूनही घेतो, त्यामुळे तो मला फार आपला वाटतो.) त्या जहाजावर सर्वांत दृढ विश्वास ज्याचा होता, तोच ‘निघू नका’ म्हणणारा होता. सुटका देवाने केली हे खरेच, पण ऐकले असते तर ते वादळ वाट्याला आले नसते, हेही तोच अध्याय सांगतो. तुमच्या मुलाने पाण्यात पाय घातला तो नंतर. त्याआधी सकाळी ओढा ओलांडायचा निर्णय तुमचा होता. ‘देवाने सोडवले’ एवढेच सांगून खाली बसलात, तर ती मुले न बोलता हिशेब करतील. त्यांनीही ते ‘मत उतरना’ ऐकले होते.

तरुणसंघ_इंदूर
सर्वांचे आभार. जुना_वाचक काका, तुमचे उत्तर वाचून आधी राग आला आणि मी संगणक बंद केला, हे कबूल करतो. गाडी सुटायच्या आत सगळे उरकायचे होते, आणि गुरे राखणाऱ्या माणसाला वाटेचे काय विचारायचे, असेही कुठेतरी मनात होते. आज संध्याकाळी त्या मुलाला घरी बोलावून हे सांगितले. तो बराच वेळ पोह्यांतल्या शेवेशी चाळा करत राहिला आणि मग म्हणाला, ‘मला वाटलं होतं तुम्ही फक्त मलाच ओरडाल.’ रविवारी २७ वा अध्याय तो वाचणार आहे, त्यानंतर मी बोलेन. प्रार्थनेत त्या गुराख्यासाठी आभार मानू, असे त्याने सुचवले आणि नाव विचारले. नाव मी विचारलेच नव्हते. शनिवारी आम्ही दोघे कालाकुंडला जाऊन येतो.