‘मॉन्स्टरचा सेव्ह डीसी’ : आकडा कोणाचा आणि दान कोणाचे?

विचारणा

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांच्या नियमांचे मराठी टिपण मी नव्या खेळाडूंसाठी करीत आहे. ‘सेव्हिंग थ्रो’साठी, म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशासाठी, मी ‘बचावफेक’ हा शब्द योजला होता आणि ‘डिफिकल्टी क्लास’साठी, म्हणजे वाचण्यासाठी गाठायच्या आणि खेळाडूंच्या तोंडी ‘डीसी’ असलेल्या आकड्यासाठी, ‘काठिण्यपातळी’ हा. मात्र ‘मेड्यूसाच्या बचावफेकीची काठिण्यपातळी १४ आहे’ हे वाक्य वाचून एका खेळाडूने चक्क मेड्यूसासाठीच फासा टाकला आणि १६ पडल्यावर ‘ती वाचली’ असे जाहीर केले. वास्तविक दगड करून टाकणाऱ्या तिच्या नजरेपासून वाचायचे होते ते त्याच्या पात्राला. दोष शब्दांचा आहे की माझ्या वाक्यरचनेचा?

प्रतिसाद पहिला

दोष मुख्यतः षष्ठीचा आहे. ‘मेड्यूसाची बचावफेक’ म्हटल्यावर मराठी वाचक फेकीचा कर्ता मेड्यूसालाच मानणार, कारण ‘गोलंदाजाची फेक’ या धर्तीवरच आपण तो शब्दसमूह वाचतो. इंग्रजी पदावलीत ‘मॉन्स्टरचा सेव्ह’ आणि ‘मॉन्स्टरचा सेव्ह डीसी’ या दोन उलट दिशांच्या गोष्टी आहेत. पहिलीत मॉन्स्टर स्वतः एखाद्या जादूपासून वाचण्यासाठी फासा टाकतो, तर दुसरीत मॉन्स्टरच्या हल्ल्याखाली सापडलेला खेळाडू फासा टाकतो आणि मॉन्स्टरकडे असतो तो केवळ गाठायचा आकडा. एका शब्दाने दिशा उलटत असेल, तर भाषांतरात ती दिशा क्रियापदानेच दाखवावी लागेल.

हा आकडा येतो कोठून, हे टिपणात सांगितले तर गोंधळ निम्म्याने कमी होईल. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मूळ ८, त्यात प्रोफिशियन्सी बोनस (प्रावीण्याची भर) आणि संबंधित गुणाचा मॉडिफायर (गुणाच्या आकड्यावरून मिळणारी भर) अशी सरळ बेरीज आहे. मॉन्स्टरचा प्रोफिशियन्सी बोनस त्याच्या चॅलेंज रेटिंगवरून, म्हणजे तो एकूण किती अवघड आहे यावरून, ठरतो. मेड्यूसाचे रेटिंग ६, म्हणून बोनस ३. तिचा कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, १६, म्हणून मॉडिफायरही ३. आणि ८, ३ व ३ मिळून १४. हीच रीत प्रौढ लाल ड्रॅगनला लावली, तर रेटिंग १७ मुळे बोनस ६ आणि काटकपणा २५ मुळे मॉडिफायर ७ मिळतो, आणि त्याच्या आगीच्या फूत्काराचा आकडा २१ होतो. त्याच ड्रॅगनच्या दहशतीचा आकडा मात्र १९ आहे, कारण दहशत काटकपणातून नव्हे तर करिष्म्यातून येते आणि तो मॉडिफायर ५ आहे. म्हणजे ‘ड्रॅगनचा डीसी’ असे सरसकट म्हणणेच चूक आहे. आकडा प्राण्याचा नसतो, त्याच्या एकेका करामतीचा असतो.

प्रतिसाद दुसरा

षष्ठीबद्दल मी सहमत आहे, परंतु शब्दही निर्दोष नाहीत. ‘गोळाफेक’ म्हणजे गोळ्याची फेक आणि ‘भालाफेक’ म्हणजे भाल्याची फेक. त्या न्यायाने ‘बचावफेक’ म्हणजे बचावच फेकून देणे होईल, आणि हताश खेळाडूला ते लागू पडत असले तरी नियमाला पडत नाही. फाशांच्या खेळाला मराठीत ‘दान’ हा अस्सल शब्द आहे. ‘मनासारखे दान पडले’ असे आपण आजही म्हणतो. मात्र ‘बचावदान’ असा समास करू नये, कारण तो ‘रक्तदान’, ‘नेत्रदान’ यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि कोणीतरी उदारपणे बचाव देऊ करीत आहे असे वाटते. ‘बचावाचे दान टाकणे’ असे सुटे लिहिले की ‘टाकणे’ या क्रियापदामुळे देण्याचा अर्थ आपोआप गळतो.

‘काठिण्यपातळी’ हा शब्द प्रश्नपत्रिकांमुळे रुळलेला आहे, पण येथे तो दोन कारणांनी अडतो. पात्रांच्या ‘लेव्हल’लाही आपण पातळीच म्हणतो, त्यामुळे ‘पाचव्या पातळीच्या योद्ध्यासमोर १४ ची पातळी’ असे विचित्र वाक्य तयार होते. शिवाय ‘मॉन्स्टरची काठिण्यपातळी’ म्हटले की तो प्राणी एकूण किती अवघड आहे, म्हणजे त्याचे चॅलेंज रेटिंग, असाच बोध होतो. ‘गुणांक’, ‘निर्देशांक’ यांच्या धर्तीवर ‘काठिण्यांक’ केल्यास पहिली अडचण सुटते. दुसरी तरीही उरते, म्हणून ‘नजरेचा काठिण्यांक’, ‘फूत्काराचा काठिण्यांक’ असे करामतीला जोडून लिहावे.

कोणी ‘बचावांक’ सुचवील. तो शब्द मला एका जुन्या कारणासाठी आवडतो आणि त्याच कारणासाठी आज नको वाटतो. १९७४ च्या मूळ खेळात हा आकडा मॉन्स्टरकडे नव्हताच. तो हल्ल्याखाली सापडलेल्या पात्राच्या तक्त्यात असे. पहिल्या तीन पातळ्यांच्या योद्ध्याला विषापासून वाचायला १२ लागत आणि ड्रॅगनच्या फूत्कारापासून वाचायला १५, मग समोरचा ड्रॅगन पिल्लू असो की म्हातारा. पातळी वाढली की आकडा उतरत जाई. तो खरोखर पात्राचा बचावांक होता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो समोरच्या बाजूला गेला : १०, मॉन्स्टरच्या हिट डाइसच्या (त्याची जीवनशक्ती ठरवणाऱ्या फाशांच्या) संख्येची निम्मी आणि गुणाचा मॉडिफायर. मालकी बदलल्यावर जुने नाव चालवणे म्हणजे घर विकूनही दारावरची पाटी तशीच ठेवणे होय. (२००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर हल्ला करणाराच फासा टाकतो आणि ‘सेव्हिंग थ्रो’ म्हणजे लागलेला परिणाम झटकण्यासाठी १० किंवा अधिक पाडणे, एवढेच उरते; तेथे वेगळा शब्द शोधावा लागेल.)

विचारणाऱ्याचे उत्तर

दोन्ही सूचना स्वीकारतो. एक शंका राहते : ‘१४ ओलांडल्यास वाचलात’ असे लिहावे का?

प्रतिसाद पहिला, पुन्हा

‘ओलांडणे’ नको. उंबरठा ओलांडणारा त्याच्या पलीकडे जातो, म्हणून १४ ओलांडणे म्हणजे किमान १५ असा अर्थ होईल, आणि नियमानुसार बरोबर १४ आले तरी बचाव होतो. ‘गाठणे’ या क्रियापदात बरोबरीही येते. हा फरक किरकोळ नाही, कारण वीस बाजूंच्या फाशावर एका आकड्याचे मोल ५ टक्के असते. बोनस २ असलेल्या पात्राला १४ गाठण्यासाठी फाशावर १२ किंवा अधिक हवेत, म्हणजे वाचण्याची शक्यता ४५ टक्के. ‘ओलांडणे’ लिहिले तर तीच ४० वर येते. ड्रॅगनच्या २१ पुढे तर बोनस नसलेल्या पात्राला २० पडूनही उपयोग होत नाही, कारण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बचावाच्या दानात २० म्हणजे हमखास यश असा नियम नाही. अपयशाला ‘हुकणे’ वापरावे, म्हणजे मेड्यूसाच्या नजरेतील ‘पाच किंवा अधिकने हुकल्यास’ ही अटही सहज सांगता येते.

विचारणाऱ्याचे उत्तर

टिपणातील ओळ आता अशी केली आहे : ‘मेड्यूसाची नजर, काठिण्यांक १४ : ज्याच्यावर नजर पडली त्या पात्राच्या खेळाडूने काटकपणाचे बचावाचे दान टाकावे. बोनससह १४ गाठल्यास पात्र वाचते, १० ते १३ आल्यास त्याचे शरीर दगड होऊ लागते व पुढच्या पाळीच्या शेवटी पुन्हा दान टाकावे लागते, आणि ९ किंवा त्याहून कमी आल्यास पात्र तत्काळ दगड होते.’